मुशीत पडलं की सोनं विसरतं

विट्याच्या आसपासची आमची खानापूर तालुक्यातली गावं पावसाच्या भरवशावर कधीच जगली नाहीत. ती जगली गलाईवर. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं, लगड करून परत द्यायची. केरळात जा, तामिळनाडूत जा, दिल्लीत जा. सराफ बाजाराच्या मागच्या बोळात, एखाद्या जिन्याखालच्या खोलीत भट्टी पेटवून बसलेला माणूस तुमच्याशी माणदेशी हेलात मराठी बोलेल. माझे चुलते, आप्पा, त्रिशूरला अशाच एका खोलीत पस्तीस वर्षं बसले.

सहावीच्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. उन्हाळ्यात भट्टीशेजारी बसायची हौस फक्त त्या वयातच असते. एक म्हातारी आली. कनवटीला बांधलेलं फडकं तिने सोडलं. दोन पिचलेल्या बांगड्या, कानातल्याचा एक जोड, लहान मुलाच्या करगोट्यातले चार मणी. आप्पांनी वजन केलं, सगळं मुशीत टाकलं, वर चिमूटभर टाकणखार, आणि भट्टीचा आवाज वाढला. थोड्या वेळाने मुशीच्या तळाशी एक थरथरता पिवळा डोळा तेवढा उरला. मी विचारलं, "आप्पा, आता ह्यातली बांगडी कुठली आणि मणी कुठले?"

"आता कुठलं काय, ल्येका. मुशीत पडलं की सोनं इसरतं."

हे वाक्य मला कितीतरी वर्षांनी, पुण्यात कर्वेनगरच्या भाड्याच्या खोलीत, रात्री साडेअकराला आठवलं. समोर पडद्यावर बिटकॉइन ह्या डिजिटल चलनाची, कुणालाही वाचता येणारी, व्यवहारांची वही उघडी होती आणि मी दुसऱ्याचा हिशेब वाचत बसलो होतो.

२०१७ चा ऑक्टोबर असेल. युरोपातल्या एका माणसाची वेबसाइट मी फुटकळ दरात सांभाळायचो. बँकेतून पैसे आले की मधल्या बँका आपापला घास काढून घेत. तो म्हणाला, बिटकॉइन घेशील का? मी हो म्हटलं. पैसे तासाभरात आले. खरंच आले का हे बघायला मी व्यवहाराचा क्रमांक टाकला आणि तिथेच फसलो. ह्या वहीत आपल्याच ओळीवर थांबता येत नाही. पैसे ज्या पत्त्यावरून, म्हणजे खातेक्रमांकासारख्या अक्षरांच्या लांबलचक ओळीवरून, आले त्याची मागची ओळ दिसते, तिच्याही मागची दिसते, उरलेली मोड कुठे गेली तेही दिसतं. नावं नसतात, पण नावं हवीत कुणाला? गेले सहा महिने, दर महिन्याच्या त्याच सुमाराला, मला मिळालेल्या रकमेच्या तिप्पट रक्कम एका ठराविक पत्त्यावर जात होती. म्हणजे माझ्यासारखाच आणखी कुणीतरी कामाला होता, आणि तो तिप्पट भावाचा होता.

त्या माणसाला मी आजवर पाहिलेलं नाही. त्याच्यावर जळतो मात्र अजून. त्या रात्री झोपताना उलटी बाजू लक्षात आली: मी हे पैसे कुठे नेतो, कधी मोडतो, किती साठवतो हे त्या युरोपातल्या माणसालाही, त्याला तेवढा रिकामा वेळ असेल तर, दिसणारच होतं.

सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ ला जो नऊ पानी निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकात 'इलेक्ट्रॉनिक रोकड' हे शब्द आहेत. रोकड म्हणजे काय, हे आपल्याला व्याख्या न करता कळतं. मी भाजीवालीला पन्नासाची नोट दिली, तिने ती कनवटीला लावली, व्यवहार संपला. कुठे नोंद नाही. बिटकॉइनमध्ये बरोबर उलट आहे. तिथे नाणं असं काही नाहीच, फक्त वही आहे. जगभर हजारो संगणकांवर तिची तंतोतंत प्रत आहे, दर दहा मिनिटांनी एक नवं पान चिकटतं, आणि एकदा चिकटलेलं पान कुणाला फाडता येत नाही. नाव रोकड, घडण खातेवहीची. पत्ता दर वेळी नवा वापरा, असा एक सल्ला त्या निबंधात आहे. तो किती तोकडा पडला हे मला माझ्या तिप्पट भावाच्या भावंडाने दाखवून दिलं होतं.

आणि वही पुरेशी मोठी तरी कुठे आहे? सातोशीनेच २०१० मध्ये एका पानाला एक मेगाबाइटची मर्यादा घातली. त्या हिशेबाने सेकंदाला फार तर सात व्यवहार. आपल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ ह्या एका महिन्यात २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. भागाकार केला तर सेकंदाला सरासरी सात हजारांच्या वर. सात आणि सात हजार. अर्थात यूपीआयने आपण खाल्लेल्या प्रत्येक वडापावाची नोंद बँकेत करून ठेवली आहे, हा भाग वेगळा. वेगळा नाहीच खरं तर.

२०१७ च्या त्या डिसेंबरात बिटकॉइनच्या पानावर जागा मिळवायची चढाओढ अशी लागली की एका व्यवहाराचं सरासरी शुल्क ५० डॉलरच्या वर गेलं. माझे जेमतेम नऊ हजार रुपये हलवायला दोन हजारांहून जास्त मोजावे लागले असते. मी ते तिथेच ठेवले. ही काही दूरदृष्टी नव्हती, निव्वळ कंजूषपणा होता.

ह्या अडचणीवर भांडण होऊन त्याआधीच, १ ऑगस्ट २०१७ ला, घर फुटलं होतं. पान मोठं करा म्हणणाऱ्यांनी बिटकॉइन कॅश नावाची वेगळी चूल मांडली, पान आधी आठ मेगाबाइटचं आणि पुढच्या वर्षी बत्तीसचं केलं. शुल्क नगण्य झालं, पण पानं बरीचशी कोरीच राहिली. मंडप मोठा घातला म्हणून वऱ्हाड मोठं येत नाही. पान लहानच ठेवा म्हणणाऱ्यांनी लाइटनिंगचा रस्ता धरला. दोन दुकानदारांनी आपसात चिठ्ठ्यांवर देवघेव करायची आणि शेवटची बाकी तेवढी मोठ्या वहीत टाकायची, असा तो प्रकार. ह्याने वेग खरोखर मिळतो. पण पैसे आधी अडकवून ठेवावे लागतात, आणि समोरचा जुनी चिठ्ठी पुढे करत नाही ना ह्यावर नजर ठेवावी लागते. सामान्य माणूस ह्या कटकटीला कंटाळून आपली किल्लीच एखाद्या कंपनीच्या हाती देतो आणि फिरून बँकेपाशी येतो. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरने ७ सप्टेंबर २०२१ ला बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, सरकारी पाकीट उघडणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ३० डॉलरचं बिटकॉइन दिलं. २०२५ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जापायी बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती कायद्यातून काढावी लागली.

डॅश नावाच्या नाण्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. नावातच 'डिजिटल कॅश' कोंबलेलं, पण २०१४ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या दोनच दिवसांत सुमारे २० लाख नाणी पाडून झाली होती. वाढप्याने पंगत बसायच्या आधीच जेवून घ्यावं, तसं. गुप्ततेची सोय ऐच्छिक, आणि आता तर तेच सांगतात की आमचं नाणं गुप्त नाण्यांत मोजू नका.

गुप्तता आणि रोकड ह्यांचा संबंध मला खऱ्या अर्थाने कळला तो २०२१ मध्ये, साठवलेलं ते बिटकॉइन मोडायला गेलो तेव्हा. बाजार वर होता. क्रिप्टो, म्हणजे अशी डिजिटल नाणी, घेणाऱ्या-विकणाऱ्या एका कंपनीत मी ते पाठवलं आणि माझं खातं तीन आठवडे गोठलं. कारण विचारल्यावर उत्तर आलं: तुमच्याकडे येण्यापूर्वी तीन टप्पे आधी हे पैसे एका 'मिक्सर'मधून, म्हणजे माग पुसण्यासाठी अनेकांची नाणी मिसळणाऱ्या सेवेतून, गेलेले आहेत, स्रोत स्पष्ट करा. मी काय स्पष्ट करणार? भाजीवालीने दिलेली दहाची नोट तिच्याआधी कुणाच्या खिशात होती, हे मला कोण विचारतं?

सराफ कट्ट्यावर झारेकरी असतात. सराफाच्या दारातली, गटारातली माती झाडून नेतात, धुतात, चाळतात आणि तिच्यातून सोन्याचे कण काढतात. बिटकॉइनच्या उघड्या वहीवर आता असे झारेकरी बसलेले आहेत; चेनॅलिसिससारख्या कंपन्यांचा हाच धंदा. त्यांच्या कामाला मी नावं ठेवत नाही. २०१६ मध्ये बिटफिनेक्स ह्या क्रिप्टो बाजारावरून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले, आणि साडेपाच वर्षांनी अमेरिकेत एका जोडप्याला अटक होऊन त्यातले ९४ हजारांहून जास्त परत मिळाले. माती चाळल्याशिवाय ते झालं नसतं. पण माती एकदा चाळायची ठरली की माझ्यासारख्याच्या चपलेची मातीही चाळली जाते. जिथे एक नाणं 'स्वच्छ' आणि दुसरं 'मळकं' ठरू शकतं, तिथे दोघांची किंमत एक राहत नाही. दोन नोटांची किंमत एक नसेल तर ती रोकड कसली?

हा वाद मुळीच नवा नाही. स्कॉटलंडमधला, १७४९ मध्ये निकाल लागलेला एक खटला आहे. एका गृहस्थाने टपालाने नोटा पाठवल्या, वर आपली खूण करून ठेवली, क्रमांकही टिपून घेतले. नोटा वाटेत चोरीला गेल्या आणि फिरत फिरत एका बँकेत पोचल्या. खूण माझी, म्हणून नोट माझी, असं तो म्हणाला. न्यायालयाने नाही म्हटलं. चोरीची नोटसुद्धा प्रामाणिकपणे घेणाऱ्याच्या हातात पडली की त्याची. नाहीतर प्रत्येक नोटेचा पूर्वेतिहास तपासत बसावं लागेल आणि व्यापारच थांबेल. मुशीत पडलं की सोनं विसरतं, हे पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका न्यायालयाने कायद्याच्या भाषेत मांडलं होतं.

मी मोठ्या तोऱ्यात हे आप्पांना फोनवर ऐकवलं. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते आमच्या घरात कधी बोललं गेलेलं नव्हतं. त्रिशूरच्या त्यांच्या दुकानात एकदा दुसऱ्या राज्यातले पोलीस आले. बरोबर बेड्या घातलेला एक पोरगा. त्याने दाराकडे बोट दाखवलं: इथे विकलं. आप्पांनी सोनं घेतलं होतं हे खरं, चोरीचं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं हेही खरं. पण ते केव्हाच वितळून, लगड होऊन, पुढे गेलेलं. पोलिसांनी दुकानात त्या दिवशी जे होतं, म्हणजे दुसऱ्याच गिऱ्हाइकांचं, त्यातून ऐंशी ग्रॅम मोजून नेलं.

"सोनं वळखता ईना," आप्पा म्हणाले, "मग त्यांनी वजन वळखलं."

त्या गिऱ्हाइकांचं सोनं भरून द्यायला आप्पांना दोन वर्षं लागली. तेव्हापासून त्यांच्या भट्टीशेजारी एक लाल वही आली. नाव, गाव, वजन, सही. विसरणाऱ्या सोन्याच्या शेजारी न विसरणारी वही. आमच्याकडच्या कुठल्याही गलाईवाल्याला विचारा, असा किस्सा त्याच्या घरात निघतोच.

त्यानंतर मी ह्या गुप्त नाण्यांचा पिच्छाच घेतला. थोडंसं स्वतःच्या तीन आठवड्यांपायी, जास्त करून त्या लाल वहीपायी. मला बघायचं होतं की वहीच विसरू शकते का.

मूळ कल्पना बिटकॉइनहून जुनी आहे. डेव्हिड चॉम ह्या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये 'आंधळी सही' मांडली. आत कार्बन कागद लावलेल्या बंद पाकिटात नोट घालून द्यायची, बँकेने पाकिटावर वरूनच सही करायची, सही आतल्या नोटेवर उमटते. बँक आपली सही ओळखते, नोट मात्र ओळखत नाही. ह्यावर त्याने डिजिकॅश ही कंपनी काढली आणि १९९८ मध्ये तिचं दिवाळं निघालं. चॉमच्या रोकडीला बँक लागायची. बँकेशिवाय, उघड्या वहीवर, तेच करून दाखवणं हे पुढच्या पिढीच्या वाट्याला आलं. त्यांच्यातले खरे प्रतिस्पर्धी दोनच, मोनेरो आणि झीकॅश ही नाणी. तिसरा एक आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

मोनेरो एप्रिल २०१४ मधलं. एस्परांतो भाषेत ह्या शब्दाचा अर्थच नाणं. ह्याची पहिली युक्ती तोतयांची. आपल्याला तोतया म्हटलं की पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो, जो आपणच खरे भाऊसाहेब असल्याचं सांगत होता. मोनेरोतले तोतये उलटे: खरा कोण ते कळू नये म्हणून ते गर्दी करतात. तुम्ही एक नाणं खर्च केलं की त्याच्यासोबत वहीतली दुसरी पंधरा जुनी नाणी उभी केली जातात, आणि सही अशी की सोळांपैकी कुणीतरी केली आहे एवढंच सिद्ध होतं. पैसे घेणाऱ्याचा पत्ताही दर वेळी एकदाच वापरायचा, आपोआप तयार होणारा. रक्कम जानेवारी २०१७ पासून झाकलेली.

रक्कम झाकली तर हिशेब कसा पटतो, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. अखेर आप्पांच्या तागडीनेच समजलं. दोन्ही पारड्यांवर फडकं टाकलंय, आत काय आहे दिसत नाही, पण काटा दिसतो. काटा मध्यावर असला की आलेलं आणि गेलेलं सारखं. एकच लबाडी शक्य: फडक्याखाली कुणी उणं वजन ठेवलं तर? म्हणून प्रत्येक वजन शून्याच्या वरचं आहे, ह्याचा पुरावा बरोबर द्यावा लागतो. हे पुरावे आधी फार अवजड होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'बुलेटप्रूफ' नावाची नवी रीत आली, तेव्हा व्यवहाराचा आकार सुमारे ऐंशी टक्क्यांनी उतरला.

आणि इथे एक गंमत आहे, जिच्यापाशी मी अजूनही थांबतो. बिटकॉइनमध्ये खर्च झालेलं नाणं खर्च झालेलं दिसतं. त्यामुळे वाटलं तर जुनी पानं बाजूला ठेवून, आज शिल्लक असलेल्या नाण्यांची यादी तेवढी जवळ बाळगता येते. मोनेरोत सोळांपैकी नेमकं कोणतं संपलं हे कुणालाच ठाऊक नाही. मग टाकून काय देणार? २०१४ पासूनचं प्रत्येक नाणं अजून जिवंत असल्यासारखं सांभाळावं लागतं, आणि तेच नाणं दोनदा खर्च होऊ नये म्हणून प्रत्येक खर्चाचा एक ठसाही जन्मभर जपावा लागतो. खर्चाचे ठसे असे कायमचे जपणं झीकॅशलाही चुकत नाही. म्हणजे कुणी कुणाला दिलं हे विसरण्यासाठी वहीला बाकी सगळं कायमचं लक्षात ठेवावं लागतं. सोन्याला विसरायला एक मूस आणि घटकाभर आच पुरते. संगणकाला विसरायची किंमत स्मरणशक्तीत मोजावी लागते. लाखोंनी वापरावी अशी गुप्त रोकड करण्यातली अडचण मला पानाच्या आकारापेक्षा ह्या ओझ्यात जास्त दिसते.

तिसरा प्रतिस्पर्धी हे ओझंच फेकून द्यायला निघाला होता. २०१६ मध्ये एका अनामिकाने मिंबलविंबल नावाची रीत सुचवली आणि २०१९ च्या जानेवारीत बीम आणि ग्रिन ही दोन नाणी तिच्यावर उभी राहिली. ही खरी गलाई. अनेक व्यवहार एकत्र वितळवायचे, मधल्यामध्ये आले आणि गेले ते दोन्हीकडून खोडायचे, लगड तेवढी उरवायची. वही हलकी राहते. मी तर ह्या कल्पनेच्या प्रेमातच पडलो होतो. पण त्याच वर्षाच्या अखेरीस एका संशोधकाने दाखवलं की व्यवहार एकमेकांत मिसळण्याआधी, जाळ्यातून जाताना, बहुतेक सगळे सुटेसुटे टिपता येतात. झारेकरी माती चाळायला थांबलाच नाही. तो भट्टीच्या दाराशीच बसला.

झीकॅश ऑक्टोबर २०१६ चं, आणि गणिताच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यांत देखणं. तिथे सोळांची गर्दी नाही. झाकलेल्या कोठारात आजवर आलेली सगळी नाणी हीच गर्दी. 'माझं नाणं ह्यात आहे आणि ते आधी खर्च झालेलं नाही' एवढंच पटवायचं, बाकी अक्षरही सांगायचं नाही. पण ही झाकण्याची सोय ऐच्छिक ठेवली गेली. उघडा पत्ता वेगळा, झाकलेला वेगळा. सुरुवातीला झाकलेला व्यवहार करायला तीन गिगाबाइटहून जास्त स्मृती लागायची, म्हणून जो तो उघड्यानेच जायचा. वाड्यात किंवा चाळीत दिवसाढवळ्या दार लावून घेणारा एकच असला की अख्खी चाळ त्याच्याबद्दल बोलते. झालं तसंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की झाकलेल्या कोठारात जाणारी-येणारी बरीच नाणी नुसत्या सवयींवरून ओळखता येतात. त्याच वर्षी स्मृतीची गरज चाळीसेक मेगाबाइटवर आली, आणि अलीकडे दार लावणारे बरेच वाढले आहेत. तरी माझं मत पक्कं आहे: सगळ्यांनीच दार लावलं तर कुणाचंच दार डोळ्यांत भरत नाही. मोनेरोने हे ओळखलं. रोकडीत गुप्तता मागावी लागत नाही, ती असतेच.

एवढं सगळं मागच्या दिवाळीत मी आप्पांना सांगितलं. आता दुकान चुलतभाऊ बघतो, आप्पा गावीच असतात. ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं:

"आरं पण झाकल्यालं नाणं खरं का खोटं, कस कसा लावायचा?"

मला वाटतं ह्या विषयावर जगात जेवढं लिहिलं गेलंय, त्यातला निम्मा भाग ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठी असावा. १५ ऑगस्ट २०१० ला बिटकॉइनच्या एका पानात कुणीतरी आकड्यांच्या चुकीचा फायदा घेऊन १८,४०० कोटी नाणी पाडली. एकूण पडायची आहेत ती फक्त २ कोटी १० लाख. काही तासांत ते लोकांच्या नजरेला आलं आणि ते पान रद्द झालं, कारण वही उघडी होती. झीकॅशमध्ये २०१८ च्या मार्चमध्ये त्यांच्याच एका गणितज्ञाला पुराव्याच्या मांडणीत भगदाड सापडलं. त्यातून कितीही खोटी नाणी पाडता आली असती, कुणाच्या लक्षात न येता. चौघांनीच हे पोटात ठेवलं, ऑक्टोबरात भगदाड बुजवलं आणि जगाला सांगितलं २०१९ च्या फेब्रुवारीत. कुणी गैरफायदा घेतल्याची खूण मिळाली नाही. पण 'खूण मिळाली नाही' हे वाक्य झाकलेल्या कोठाराबद्दल बोलताना जरा पोकळच वाजतं. झाकलेल्यातून उघड्यात येणारी नाणी आत गेलेल्यांपेक्षा जास्त होऊ नयेत, असा दाराशी पहारा असतो, तेवढीच कसोटी. मोनेरोतही २०१७ मध्ये असंच एक छिद्र सापडून गुपचूप बुजवलं गेलं. त्याच घराण्यातल्या बाइटकॉइन नावाच्या वेगळ्या नाण्यावर मात्र त्यातून खोटी नाणी पाडून झाली होती.

झीकॅशची तर जन्मकथाच विश्वासावर उभी. सुरुवातीला एक गुप्त संख्या तयार करून नष्ट करायची होती. ती कुणाच्या हाती राहिली असती तर त्याला टांकसाळच मिळाली असती. म्हणून सहा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून तिचे तुकडे तयार केले आणि वापरलेले संगणक नष्ट केले. सहांपैकी एक जरी प्रामाणिक असला तरी पुरे. त्यांच्यातला एक टोपणनावाने सामील झालेला एडवर्ड स्नोडेन, अमेरिकी सरकारची पाळत उघड करणारा, होता, हे २०२२ मध्ये कळलं. त्याच वर्षी मे अखेरीस आलेल्या नव्या रचनेला असा विधी लागत नाही.

"म्हंजी सोनाराच्या इमानावर," आप्पा म्हणाले. मी म्हटलं, "आता गणिताच्या इमानावर, आप्पा." त्यांना ते फारसं वेगळं वाटलं नसावं.

माझा कौल कुणी विचारला तर, वागण्याच्या दृष्टीने रोकडीच्या सगळ्यांत जवळ मोनेरो आहे, आणि नेमकं म्हणूनच ते बाजारातून हद्दपार होत चाललं आहे. बायनान्स ह्या मोठ्या क्रिप्टो बाजाराने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते काढून टाकलं; युरोपीय संघात जुलै २०२७ पासून परवानाधारक कंपन्यांना अशी नाणी हाताळताच येणार नाहीत. संख्याबळ कमी असण्याचे भोगही आहेत: सप्टेंबर २०२५ मध्ये एकाच गटाकडे पानं चिकटवायची इतकी संगणकीय ताकद गोळा झाली की आधी चिकटून गेलेली अठरा पानं रद्द झाली. खंडणीखोर ह्याच नाण्याच्या मागे असतात हेही मी नाकारत नाही. संगणक ओलीस धरणाऱ्या 'वॉनाक्राय' व्हायरसवाल्यांनी २०१७ मध्ये आपली बिटकॉइनमधली खंडणी मोनेरोतच बदलून घेतली होती. आप्पांचे ऐंशी ग्रॅम आठवले की माझा आवाज आपोआप खाली येतो. तो पोरगा जिच्या घरात शिरला त्या बाईचं सोनंही त्या मुशीत विसरलंच गेलं असणार.

आपल्याकडे २०२२ पासून नफ्यावर सरसकट तीस टक्के कर आणि ठराविक मर्यादेपलीकडच्या विक्रीवर एक टक्का कपात. क्रिप्टोने चहा प्यायचा तर त्या चहाचीही विक्रीच धरली जाणार. रोकड म्हणून वापरण्याचा प्रश्नच त्यामुळे इथे मिटतो. माझ्याकडे थोडंसं मोनेरो आहे, विवरणपत्रात दाखवलेलं. हौस म्हणा.

त्या दिवाळीत निघायच्या आदल्या रात्री आप्पांनी विचारलं, "तुजं त्ये नाणं ठेवलंयस कुठं?"

मी पाकिटातून चौघडी घातलेला कागद काढला. पंचवीस इंग्रजी शब्द, माझ्या हस्ताक्षरात. हे शब्द ज्याला ठाऊक, नाणं त्याचं. दुसरं काही लागत नाही, नाव नाही, सही नाही. आप्पांनी चष्मा लावला. कागद दिव्याखाली धरून ते अडखळत पहिला शब्द वाचायला लागले, आणि मध्येच थांबले.

"ह्ये मी समदं वाचलं, ध्यानात ठेवलं, तर ह्ये माजं बी झालं का?"

"झालं की, आप्पा."

त्यांनी चष्मा काढला, कागदाची होती तशी घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "मग मला दावू नगंस," म्हणाले, आणि दिवा बारीक करून आडवे झाले.